घर एक, वारस चार

शिक्षक, कारकून, पोस्टमास्तर, बँकेतला रोखपाल अशा पगारदार माणसांनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात महाराष्ट्रात जी काही संपत्ती उभी केली, तिचा फार मोठा भाग विटा आणि सिमेंट यांच्या रूपात आहे. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली उचल, पतपेढीचे कर्ज, पत्नीच्या पाटल्या आणि निवृत्तीच्या वेळी हाती पडलेले उपदान यांतून तालुक्याच्या गावी तीन खोल्यांचे घर झाले, किंवा पुण्यामुंबईकडे एखाद्या सहकारी गृहरचना संस्थेत सदनिका घेतली गेली. विम्याच्या पावत्या, ठेवींचे दाखले, विजेची बिले हे सारे या माणसाने फायलीत लावून, दोरीने बांधून कपाटात ठेवले. एकच कागद तेवढा लिहायचा राहिला. आपल्यामागे हे घर कोणी कसे वापरावे याचा विचार त्याने केला नव्हता असे नाही. पत्नीजवळ तो बोललाही असेल, थोरल्याला सूचकपणे काही सुचवलेही असेल. पण मृत्युपत्र लिहिणे म्हणजे मरणाला आवतण धाडणे, ही भावना शिकल्यासवरल्या घरांतही सुटलेली नाही. तिच्या जोडीला दुसरी एक समजूत असते, ती अधिक घातक: आमच्या मुलांत तसले काही व्हायचे नाही.

तसले काही होते. कोणत्याही दिवाणी न्यायालयाच्या दैनंदिन कामकाजाच्या फलकावर नजर टाकावी, एकाच आडनावाचे वादी आणि प्रतिवादी समोरासमोर उभे असलेले दावे तेथे हमखास सापडतात. बापाच्या आजारपणात रात्र रात्र आळीपाळीने जागलेली भावंडे तेराव्यानंतर सहा महिन्यांत एकमेकांना वकिलांमार्फत नोटिसा धाडू लागतात आणि नातेवाईक त्यावर ठरलेले निदान करतात: पैशाचा लोभ वाईट, किंवा सुना आल्या आणि घर फुटले. ही दोन्ही निदाने सोयीची आहेत, कारण त्यांत विचार करण्याचे श्रम वाचतात. वस्तुतः यांतील बहुसंख्य माणसे लोभी नसतात. ज्या भावाने बहिणीच्या लग्नासाठी कर्ज काढले, तोच पुढे तिच्याविरुद्ध कैफियत दाखल करतो, तेव्हा त्याचा स्वभाव एका वर्षात पालटला असे मानणे कठीण आहे. पालटते ते घराचे स्वरूप. बाप होता तोवर ते राहण्याचे ठिकाण होते; तो गेला त्या क्षणी ती वाटायची मिळकत झाली. आणि वाटायला घराइतकी अवघड मिळकत दुसरी नाही.

बँकेतल्या ठेवीचे चार भाग दहा मिनिटांत होतात. शेतजमिनीचे तुकडे, नुकसान सोसून का होईना, पाडता येतात. तीन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक जिना यांचे चार समान भाग मात्र होत नाहीत. शिवाय चौघांच्या दृष्टीने त्या घराचे मोलही एक नसते. जो त्यात राहतो त्याच्यासाठी तो निवारा असतो, मुंबईला भाड्याच्या खोलीत असलेल्यासाठी ती स्वतःच्या सदनिकेची सुरुवातीची रक्कम असते, परदेशी गेलेल्यासाठी बालपणाची खूण, आणि सासरी नांदणाऱ्या मुलीसाठी माहेर. बाजारभाव हा आकडा एकच. त्यामागचे चार अर्थ निरनिराळे. त्यातच शहरांच्या वाढीने जुन्या वाड्यांना आणि बैठ्या घरांना पुनर्विकासाचा भाव आला. ज्या घराच्या गळक्या कौलांकडे वीस वर्षे कोणी पाहिले नाही, त्याच्या दारात बांधकाम व्यावसायिक उभा राहिला की विसरलेले हक्क आठवू लागतात.

कायदा याबाबतीत काय सांगतो, याविषयी सुशिक्षितांतही विलक्षण गोंधळ आहे. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या आठव्या कलमानुसार त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर पहिल्या वर्गातील वारसांचा एकाच वेळी आणि सारखाच हक्क येतो. पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हयात असल्यास तीही या वर्गात येते. मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी असतील, तर घराचे चार हिस्से होतात, प्रत्येकी चार आणे. आईचे चार आणे हे तिचे स्वतःचे, पूर्ण मालकीचे असतात. ती मुलांच्या आश्रयाने राहणारी पाहुणी नसते. एखादा मुलगा आधीच वारला असेल तर त्याचा हिस्सा त्याच्या विधवेला व मुलांना मिळतो. मुस्लिम कुटुंबांत मुलीचा वाटा सामान्यतः मुलाच्या निम्मा असतो, आणि ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू पडतो. नियम निराळे असले तरी चार भिंतींचा तंटा तोच राहतो.

हे एवढे स्पष्ट असूनही प्रत्येक घरी एक स्वतंत्र कायदा चालू असतो. बापाने पगारातून बांधलेल्या घराला मुले बेधडक 'वडिलोपार्जित' म्हणतात आणि त्यात जन्मतःच आपला हिस्सा असल्याचे सांगतात. बापाच्या हयातीत अशा स्वकष्टार्जित घरात मुलाचा वा मुलीचा पैचाही हक्क नसतो, ही गोष्ट त्यांना कडू वाटते. दुसरा भ्रम नामनिर्देशनाचा. गृहरचना संस्थेच्या अर्जात बापाने धाकट्याचे नाव लिहिले, म्हणून सदनिका धाकट्याची झाली असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नसून वारसांच्या वतीने मिळकत स्वीकारणारी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या संदर्भात १९८३ मध्येच सांगितले, आणि भागरोख्यांच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये तेच तत्त्व पुन्हा मांडले. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनेही नामनिर्देशिताला तात्पुरत्या सदस्याचेच स्थान दिले. तिसरा भ्रम कब्जाचा: वीस वर्षे मी येथे राहतो, घरपट्टी मी भरतो, मिळकत पत्रिकेवर नाव माझे, तेव्हा घर माझे. सहहिस्सेदारांपैकी एकाचा कब्जा हा कायद्याच्या दृष्टीने सर्वांचा कब्जा असतो, आणि महसुली नोंद ही कर कोणाकडून वसूल करायचा हे ठरवण्यासाठी असते. तिने मालकी जन्माला येत नाही. एवढे कळायला काही कुटुंबांना दोन न्यायालये आणि पंधरा वर्षे लागतात.

परंतु कायद्याचे ज्ञान झाले म्हणजे तंटा मिटला असे नाही. खरा सल कायद्याच्या बाहेर असतो. तीन भावंडांपैकी एक गावात राहते. नोकरीतली बढती ते नाकारते, कारण बदली परवडणारी नसते. आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया, बापाचा पक्षाघात, रात्री-अपरात्रीचा डॉक्टर हे सारे त्याच्या वाट्याला येते. बाहेर गेलेली भावंडे दिवाळीला येतात, औषधांसाठी पैसे ठेवतात, आणि परत जातात. वाटणीच्या वेळी कायदा चौघांना सारखे माप लावतो तेव्हा गावात राहिलेल्याला ते माप खोटे वाटते. अर्थशास्त्र ज्याला वैकल्पिक खर्च म्हणते, म्हणजे एक मार्ग धरल्यामुळे हातच्या गेलेल्या दुसऱ्या मार्गाची किंमत, ती त्याने पुरेपूर मोजलेली असते. पण ती कोणत्याही पावतीवर नसते. १९५६ च्या कायद्यात सेवेला वाटा नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तो वीस वर्षे त्या घरात भाडे न देता राहिला. बाहेरच्या भावाने त्याच काळात भाड्यापोटी जी रक्कम मोजली, ती याची वाचली. त्याच्या मुलांना आजी-आजोबांचे छत्र मिळाले, आईचे निवृत्तिवेतनही बहुधा त्याच चुलीवर खर्च झाले. हा जमेचा तपशील तो मांडत नाही, आणि बाहेरचे भाऊ नावे बाजूचा तपशील ऐकत नाहीत. दोन अपुऱ्या खतावण्या घेऊन माणसे भांडतात. यावर उपाय म्हणून सेवा करणाऱ्याला घरात गुपचूप अधिक हिस्सा द्यावा, असे पुष्कळांना वाटते. ते योग्य नाही. हिस्सा सारखाच ठेवावा, आणि सेवेचा मोबदला, वाचलेले भाडे वजा करून, उघडपणे आकड्यात मांडून वाटणीपूर्वी द्यावा. आकडा लहान असेल, त्यावर घासाघीसही होईल. पण 'आम्ही एवढे केले' या वाक्याला कोठेतरी शेवट येईल.

आणि येथे एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. ही सेवा प्रत्यक्षात कोणी केलेली असते? अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचे कपडे धुणारी, पथ्याचे जेवण करणारी, स्वतःची नोकरी सोडणारी व्यक्ती बहुतेक घरांत सून असते. नवरा हयात असेपर्यंत ती सासऱ्याची वारस नसते. सेवेचा दावा मांडतो मुलगा, हिस्सा मिळतो मुलाला, आणि घर फोडल्याचा आरोप मात्र येतो तिच्यावर.

तंटा न्यायालयात गेला म्हणजे काय होते? प्रथम हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा होतो, मग आयुक्त नेमून मोजणी, अहवाल, त्यावर हरकती आणि शेवटी अंतिम हुकूमनामा. पहिल्या व शेवटच्या टप्प्यांत इतकी वर्षे जात की, प्राथमिक हुकूमनाम्यानंतर पक्षकारांच्या नव्या अर्जाची वाट न पाहता न्यायालयांनी स्वतःहून पुढची कारवाई चालू ठेवावी, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. या काळात घराचे काय होते ते रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसते. गळती कोणी काढत नाही, कारण खर्च करणाऱ्याचा पैसा सर्वांच्या खात्यावर जातो. भाडेकरू ठेवता येत नाही, कारण एकाची सही मिळत नाही. मायकेल हेलर या अमेरिकन विधिज्ञाने १९९८ मध्ये मॉस्कोतील एका विचित्र दृश्याचा अर्थ लावला होता: रस्त्यावरच्या टपऱ्या मालाने भरलेल्या, आणि मागची पक्की दुकाने रिकामी. दुकानांवर इतक्या जणांना नकार देण्याचा अधिकार होता की वापरण्याचा अधिकार कोणालाच उरला नव्हता. पेठांतून आणि तालुक्याच्या गावांतून वर्षानुवर्षे कुलूप लागून राहिलेल्या, अंगणात पिंपळ उगवलेल्या घरांचे रहस्य याहून वेगळे नाही.

वास्तविक वाट काढण्याची साधने कायद्यात आहेत. १८९३ च्या विभाजन कायद्यानुसार घराचे तुकडे पाडणे व्यवहार्य नसेल, तर निम्मे वा त्याहून अधिक हिस्सा असलेल्यांच्या विनंतीवरून न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते; आणि इतरांना विक्री नको असेल तर मूल्यांकन करून विक्री मागणाऱ्याचा हिस्सा त्यांना विकत घेता येतो. १९५६ च्या कायद्याच्या बाविसाव्या कलमाने, एखाद्या वारसाला आपला हिस्सा काढून टाकायचा असेल तर तो घेण्याचा पहिला अधिकार सहवारसांना दिलेला आहे. घरातल्या घरात केलेल्या समझोत्याकडे न्यायालये अनुकूल दृष्टीने पाहतात, हेही १९७६ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने प्रस्थापित आहे. अडते ते किमतीवर. घेणाऱ्याला किंमत जास्त वाटते, देणाऱ्याला कमी, आणि दोघांनी आणलेल्या मूल्यांकनकारांचे आकडे त्यांच्या त्यांच्या अशिलाला शोभतील असेच निघतात.

गावाकडे यासाठी जुनी तोड होती: थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे. वाटे पाडणाऱ्याला उरलेला वाटा घ्यायचा असल्याने त्याचा हात सरळ चाले. एकाच घराच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. तेथे पोलंडचे गणितज्ञ ह्यूगो श्टाइनहाउस यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेली, आणि मूळ आपल्या सहकाऱ्यांच्या नावे जमा केलेली, बंद लखोट्याची रीत उपयोगी पडते. समजा, तीन भावंडांनी घराची आपल्या मते असलेली किंमत लखोट्यात लिहिली: एकाने ६० लाख, दुसऱ्याने ४८, तिसऱ्याने ३६. घर ६० लाख लिहिणाऱ्याला. त्याच्या मते त्याचा हिस्सा २० लाखांचा, म्हणून त्याने ४० लाख बाहेर काढायचे. दुसऱ्याला त्याच्याच हिशेबाने १६ लाख, तिसऱ्याला १२ लाख. तरीही १२ लाख शिल्लक राहतात. ते तिघांत चार-चार लाख वाटायचे. म्हणजे घर घेणारा ३६ लाख देतो, त्यांतून दुसऱ्याला २० आणि तिसऱ्याला १६ लाख मिळतात. प्रत्येकाला स्वतःच्या मापाने जेवढे हवे होते त्यापेक्षा चार लाख अधिक मिळाले. मतभेद जेवढा मोठा, तेवढी ही शिल्लक मोठी. भांडणाचे कारणच येथे सर्वांच्या फायद्याचे होते. अर्थात ही रीत निर्दोष नाही. ज्याच्याजवळ रोकड नाही तो मनातली किंमत लिहूच शकत नाही, आणि बहुधा घरात राहणाराच रोकडीने दुबळा असतो. त्याला फेडीसाठी पाच-सात वर्षांची मुदत बाकीच्यांनी दिली, तर मात्र गणित माणसांच्या उपयोगी पडते.

हे सारे उपाय मृत्युपत्र नसल्यामुळे करावे लागतात. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, त्याची नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी साक्ष घातली, की पुरते. मुख्य म्हणजे ते कितीही वेळा बदलता येते. याउलट अलीकडे मुलांना घर बक्षीसपत्राने हयातीतच देण्याची चाल पडत आहे, कारण महाराष्ट्रात जवळच्या नात्यात राहत्या घराच्या बक्षीसपत्रावरील शुल्क नाममात्र केले गेले आहे. शुल्क वाचवण्याच्या नादात स्वतःच्या घरात पाहुणे झालेले वृद्ध थोडे नाहीत. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेले बक्षीस अट मोडल्यास रद्द करून घेण्याची सोय २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आहे, परंतु ती अट कागदावर असलेली बरी. शेजारच्या गोव्यात चित्र थोडे निराळे आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आणि आता २०१२ च्या कायद्यात आणलेल्या तेथील उत्तराधिकार पद्धतीत मिळकतीचा निम्मा भाग मुलांपासून मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही, आणि वारसांच्या आपसांतील बोलीची परंपराही तेथे आहे. तंटे तेथेही होतात. पण मुलीला नुसत्या लेखणीच्या फटकाऱ्याने वगळता येत नाही.

महाराष्ट्रातील मुलीची गोष्ट वेगळी सांगावी लागते. मिताक्षरेचा कर्ता विज्ञानेश्वर याने थोरल्याला अधिक वाटा देण्याची शास्त्रोक्त प्रथादेखील लोकांना रुचत नाही म्हणून त्याज्य ठरवली. भावाभावांतील समानता या भूमीत इतकी जुनी आहे. बहिणीपर्यंत यायला तिला फार काळ लागला. १९५६ च्या कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत सारखा हिस्सा दिला खरा, पण त्यातच तेविसाव्या कलमाने राहत्या घराची वाटणी मागण्याचा तिचा अधिकार भावांच्या मर्जीवर टांगून ठेवला. भाऊ वाटणी करतील तेव्हा तिला मिळणार. महाराष्ट्राने १९९४ मध्ये एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना सहदायाचा हक्क दिला, तोही तेव्हा अविवाहित असलेल्यांपुरता. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर हे भेद गेले, तेविसावे कलम रद्द झाले. आणि त्या दिवशी बाप हयात नसला तरी मुलीचा सहदायाचा हक्क अबाधित राहतो, हे ११ ऑगस्ट २०२० च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध केले.

कायद्याने पन्नास वर्षांत जे दिले ते हक्कसोडपत्राने एका दुपारी परत घेतले जाते. दहाव्या-बाराव्याच्या सुमारास, घरात पाहुणे असताना, 'नाव लावायला लागते म्हणून' एक कागद बहिणीपुढे येतो. सही केली तर माहेर राहते, नाही केली तर भाऊबीज बंद होते, हे कोणी बोलून दाखवत नाही; दाखवावे लागतही नाही. त्यागाची परंपरा म्हणून याचे कौतुक होते. हा त्याग भावाने बहिणीसाठी केल्याचे उदाहरण मात्र क्वचितच ऐकू येते. तिच्या लग्नात खर्च झाला होता, हा युक्तिवाद तर ठरलेला. मुलाच्या अभियांत्रिकी शिक्षणाचा खर्च त्याच वहीत का मांडला जात नाही, हे विचारले की बोलणे थांबते. बहिणीला खरोखरच हिस्सा नको असेल, तर तो सोडण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. पण सोडण्यापूर्वी तो किती रुपयांचा आहे हे तिला सांगितले गेले पाहिजे, आणि बोलायला तिला दुःखाच्या बाहेर पडण्याइतका अवधी मिळाला पाहिजे. आईच्या बाबतीत ही निकड याहूनही मोठी आहे, कारण मुलांच्या प्रेमाखातर तीही सही करते, आणि त्या चार आण्यांखेरीज तिच्याजवळ बहुधा दुसरे काही नसते.

शासनाला यात करण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. मृत्यूच्या तारखेपासून सहा महिने उलटल्याखेरीज मृताच्या राहत्या घरासंबंधीचे हक्कसोडपत्र नोंदवून घेऊ नये, आणि नोंदणीच्या वेळी सोडून देणाऱ्या हिश्शाची शासकीय दरपत्रकाप्रमाणे होणारी किंमत कागदावर अक्षरी लिहून तिला वाचून दाखवावी. याने व्यवहार खोळंबतील, संस्थेचे हस्तांतर अडेल, कर्जाची प्रकरणे थांबतील, असा आक्षेप येईल. तो टिकणारा नाही. वारसनोंद हक्कसोडपत्रावाचून होते. तिला मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे लागतात, कोणाचा त्याग लागत नाही. घरपट्टीच्या पावतीवर सहा महिने चार नावे राहिली, तर नगरपालिकेचे काही बिघडत नाही.